अखाजीनंतरचा समुद्र

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोठे जावे, हा प्रश्न आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील कुटुंबांत दरवर्षी निघतो आणि दरवर्षी त्याचा निकाल पुरुषमंडळी लावतात. कोणी तोरणमाळ म्हणतो, कोणी महाबळेश्वर म्हणतो. मुले मात्र एकमुखाने समुद्र म्हणतात. मुलांचे ऐकावे, असे आमचे मत आहे. ज्या जिल्ह्यात वैशाखात पारा बेचाळीस अंशांच्या वर सहज चढतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही, तेथील मुलांनी समुद्र मागितला तर त्यात हट्ट तो कसला? परंतु समुद्राला कधी जावे आणि कोणी कोणी जावे, हे ठरविताना घरातील ज्यांना कोणी विचारीत नाही, त्यांच्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमच्या घरांतील स्त्रियांच्या चैत्र-वैशाखाचा हिशोब एकदा मांडून पाहावा. होळी झाली की वाळवणाला हात लागतो. गहू भिजत घालणे, त्याचा चीक काढणे, तो पहाटे उठून शिजविणे आणि उन्हे चढण्याच्या आत कुरडया घालणे. मग उडदाचे पापड, नागलीचे पापड, शेवया, सांडगे. त्यानंतर वर्षाचे तिखट. नंदुरबारच्या मिरचीची कीर्ती दूरवर गेली आहे. परंतु ती मिरची निवडून, देठे खुडून, उन्हात तापवून कुटण्याजोगी होईपर्यंत घरातील बायकांच्या हातांची जी आग होते, तिची कीर्ती ओटीच्या पलीकडे जात नाही. इकडे चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसलेली असते. महिन्याभरात एखादा दिवस धरून हळदीकुंकू करावयाचे, म्हणजे आंब्याची डाळ आणि पन्हे आलेच. आणि दुसऱ्यांच्या घरच्या हळदीकुंकवांना जाणेही आलेच. ती गौर उठते अक्षय तृतीयेला. आणि नेमकी तीच तिथी खानदेशची अखाजी.

अखाजी म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरील वाचकांना सांगितले पाहिजे. देशावर दिवाळीला लेकी माहेरी येतात, तशा आमच्याकडे त्या अखाजीला येतात. कडुनिंबाच्या फांदीला झोके बांधतात, अहिराणी गाणी चढाओढीने म्हणतात. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरावयाची, तिच्यावर डांगर आणि आंबे ठेवावयाचे. शेतावरच्या सालदाराचे वर्षही याच दिवशी संपते आणि नवा करार होतो, त्यामुळे घरधन्यालाही त्या दिवशी सवड नसते. जेवणाला पुरणपोळी आणि आमरस. ही पोळी पोळपाटावरची नव्हे. पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजावयाची, आणि ती लाटावयाची नाही, हातांवर झेलीत झेलीत कोपरापर्यंत वाढवावयाची. ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना ते खरे वाटत नाही. ब्राह्मणांच्या स्वयंपाकघरांत खापर उशिरा आले, काही घरांत अद्यापिही आलेले नाही. परंतु ज्या सुनांनी ती विद्या शेजारणींकडून उचलली, त्यांच्या हातची पोळी खाल्लेला मनुष्य पुन्हा पोळपाटाचे नाव काढीत नाही.

तात्पर्य, अखाजीपूर्वी प्रवास ठरविणे म्हणजे घरातील निम्म्या माणसांना मागे ठेवण्याचे ठरविणे होय. अलीकडे काही गृहस्थ चैत्रातच तिकिटे काढून मोकळे होतात आणि मग ‘तुम्ही बायकांनी वाळवण आटोपून घ्या, आम्ही मुलांना फिरवून आणतो’ असे औदार्याने सांगतात. शाळांच्या परीक्षाही बहुधा एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालतात, तेव्हा या घाईला मुलांचीही सबब उरत नाही. वैशाख शुद्ध चतुर्थीपासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचा काळ हाच आमच्या घरांचा खरा प्रवासाचा काळ. पापडांचे डबे भरलेले असतात, गौर उठलेली असते, वटपौर्णिमा पुढे असते. आणि मुख्य गोष्ट ही की, लेकी माहेरी आलेल्या असतात.

आमची सूचना एवढीच आहे. अखाजीला आलेल्या लेकीला चौथ्या दिवशी डबे भरून सासरी पोहोचवीत बसण्याऐवजी, तिला आणि घरच्या सुनांना बरोबर घेऊन साऱ्यांनीच समुद्रावर चार-पाच दिवस काढावेत. लेक माहेरी आली की तिला विश्रांती मिळते, असे म्हणण्याची पद्धत आहे. ती विश्रांती देण्याकरिता घरातील सून दुप्पट राबते, हे म्हणण्याची पद्धत नाही. नणंद आणि भावजय या दोघींना एकाच वेळी हात रिकामे ठेवून बसलेल्या आपण कधी पाहिल्या आहेत काय? कालिदासाच्या रघुवंशात तेराव्या सर्गाच्या आरंभी राम सीतेला विमानातून समुद्र दाखवितो. नंदिग्रामात भरत चौदा वर्षे वाट पाहत बसलेला, राज्य खोळंबलेले. तरी कवीने त्या दोघांना समुद्र पाहण्यापुरती सवड दिली आहे. आमच्या घरांतील कामे अयोध्येच्या राज्याहून अधिक निकडीची असतील, असे वाटत नाही.

आता कोठे जावे? समुद्र म्हटला की मराठी मनुष्याच्या तोंडी रत्नागिरी, मालवण ही नावे येतात. ती स्थळे उत्तमच आहेत, आणि १९९८ पासून कोकण रेल्वे अखंड धावू लागल्यावर ती मुंबई-पुण्याच्या लोकांना जवळही आली. परंतु नंदुरबारकराला तेथे जावयाचे म्हणजे आधी मुंबई गाठून मग तेवढीच मजल पुन्हा मारावयाची. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले बरोबर असता ही दगदग नको. आमचा जवळचा मराठी किनारा निराळाच आहे. तो पालघर जिल्ह्यात, गुजराथच्या सरहद्दीला लागून आहे : घोलवड, बोर्डी आणि डहाणू. आमचे लोक सुरतेला कापड घ्यावयास वर्षातून दोनदा जातात; तेथून दक्षिणेकडे दोन-अडीच तासांवर हा किनारा आहे, हे मात्र त्यांच्या गावी नसते.

नंदुरबारहून सुरतेस जाणारा लोहमार्ग हा पूर्वीच्या ताप्ती व्हॅली रेल्वेचा. सुरतेपासून अमळनेरपर्यंतचा हा रस्ता १९०० च्या सुमारास खुला झाला. वाटेत नवापूर लागते. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा सरहद्दीची रेघ या स्थानकाच्या मधोमध गेली. फलाटावर असे एक बाक आहे की, त्याचे एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरे गुजराथेत. गाडी थांबताच मुलांनी त्या बाकाकडे धाव घ्यावी हे ठरलेलेच. मात्र एखाद्या मोठ्या माणसाने बरोबर उतरावे, कारण गाडी काही भूगोलाच्या धड्याकरिता थांबत नाही. पुढे व्यारा, मग १९२८ च्या सत्याग्रहाचे बारडोली. सुरतेस गाडी बदलली की नवसारी, वलसाड आणि पारशी लोकांचे उदवाडा. तेथील अग्यारीत त्यांचा पवित्र अग्नी १७४२ पासून आहे. मग ज्या किनाऱ्यावर ते प्रथम स्थिरावले असे ते सांगतात, ते संजाण. उंबरगाव मागे पडून घोलवड आले की पुन्हा महाराष्ट्र. घोलवडला सर्व गाड्या थांबत नाहीत; डहाणू रोडला उतरून किनाऱ्याच्या सडकेने उलट यावे, ती सडकच पाहण्यासारखी आहे.

या साऱ्या प्रवासात अर्ध्या वाटेपर्यंत आपली तापीच सोबत करते, असे म्हटले तरी चालेल. महाभारताच्या आदिपर्वात तपती ही सूर्याची कन्या आणि कुरूची माता म्हणून येते. सूर्यकन्येच्या काठी राहणाऱ्यांनी उन्हाची तक्रार कोणाकडे करावी, असे आम्ही वर्गात विनोदाने म्हणत असू. मुलताईला उगम पावलेली ही नदी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या खाली समुद्रास मिळते. आमच्या घरातील एक वृद्ध चुलती वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत प्रकाशे येथील तापीचा घाट हेच सर्वांत मोठे पाणी समजत होती. तिला बोर्डीस नेले तेव्हा तिने बरोबर प्रकाश्याच्या पाण्याची लोटी घेतली होती, समुद्राला वाहण्याकरिता. तापी इकडेच येऊन समुद्राला मिळते असे नातवाने सांगताच ती म्हणाली, ‘मग मी कशाला ओझे वाहिले? ती माझ्याआधी पोहोचली की.’ तरी लोटी तिने ओतलीच. नंतर ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावून पाहिले आणि बराच वेळ क्षितिजाकडे पाहत राहिली. साठ वर्षे स्वयंपाक केलेल्या त्या बाईचा अभिप्राय असा पडला : ‘एवढे पाणी, आणि त्यात डाळ शिजायची नाही!’ त्या दिवशी ती काळोख पडेपर्यंत वाळूवरून उठली नाही. तिला स्वयंपाकाची वेळ झाली असे सांगणारे तेथे कोणी नव्हते.

किनाऱ्यावर थंडी मिळेल, अशी कल्पना करून कोणी जाऊ नये. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. म्हणून दुपारनंतर वारा पाण्याकडून जमिनीकडे वाहतो आणि पारा आमच्या मानाने सात-आठ अंश खालीच राहतो. परंतु हवा दमट, घाम वाळत नाही. खानदेशची आग सोसणारा मनुष्य येथे पहिल्या दिवशी ‘त्यापेक्षा आपला उन्हाळा बरा’ असे म्हणतो. दुसऱ्या दिवशी अंगाला सवय होते. दुपारी बाहेर पडू नये, ताक आणि कैरीचे पन्हे मीठ घालून वारंवार प्यावे, आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर काढावी.

बोर्डीचा किनारा उतरता नाही, जवळजवळ सपाट आहे. ओहोटीला पाणी इतके दूर जाते की समुद्र कोठे गेला असे मुले विचारतात. भरती-ओहोटीच्या वेळा समजण्यास आमच्यासारख्या पंचांग पाहणाऱ्या घरांना मोबाईलचीही गरज नाही. तिथीची पाऊणपट करावी, ते भरतीचे तास. अष्टमीची पाऊणपट सहा : सकाळी सहाला आणि सायंकाळी सहाच्या पुढे थोडी मिनिटे गेल्यावर भरती. षष्ठीस साडेचार, दशमीस साडेसात, पौर्णिमेस सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. चंद्र रोज पन्नास मिनिटांच्या आसपास उशिरा येतो, त्यावरून हा पाऊण तासाचा हिशोब निघाला. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना तो सारखाच लागू आहे. हा मुंबईकडचा ठोकताळा होय. उत्तरेस डहाणूकडे भरती थोडी मागाहून पोहोचते, म्हणून अर्धा-पाऊण तास पुढे धरावा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी फार चढते आणि फार हटते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा दोन्ही बेताचे. चतुर्थी-पंचमीला घर सोडणारे कुटुंब भांगाच्या दिवसांत किनाऱ्यावर असते, ही आणखी एक सोय झाली. पाणी ओसरत असता मुलांना आत उतरू देऊ नये. ओढ माणसाला न कळत आत नेते. सपाट किनाऱ्यावर पाणी मागे फिरते तेही झपाट्याने, यास्तव दूरवर चालत गेलेल्यांनी भरतीची वेळ होण्यापूर्वी परतावे. मुलांना ही पाऊणपट करावयास सांगावे. सुट्टीत पावकी-पाऊणकीचा उपयोग दाखविण्याचा याहून चांगला प्रसंग आम्हास ठाऊक नाही.

आता खाण्यापिण्याविषयी. किनाऱ्याची कीर्ती मासळीची, म्हणून शाकाहारी घरे बिचकतात. पण घोलवड-डहाणूचा खरा मान चिकूला. येथील चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मध्य अमेरिकेकडचे हे झाड, इराणी-पारशी बागाईतदारांनी येथे वाढविले, वारली मजुरांनी राखले आणि गुजराथी-मराठी बाजारांनी विकले; आज ते या मातीचेच झाले आहे. बागेत बसून खाल्लेला चिकू आणि आपल्या बाजारात येणारा चिकू, यांत सख्खे नाते असेल असे वाटत नाही. त्याची वाळविलेली कापे मिळतात, प्रवासात बरी. ताडगोळे मात्र तेथेच खावे. सोललेला ताडगोळा दोन घटकाही वाट पाहत नाही. तांदळाची भाकरी, ओल्या नारळाचे वाटण, कैरी घातलेली आमटी हे सारे आमच्या तिखटाच्या सवयीला प्रथम अळणी वाटते. म्हणून कोणी घरून तिखटाचा डबा नेतो. तो खुशाल न्यावा. परंतु डब्यामागून शेगडी, शेगडीमागून पातेली आणि पातेल्यांमागून पोळपाट जातो, आणि मग भाड्याच्या बंगल्यात नंदुरबारचेच स्वयंपाकघर पुन्हा मांडले जाते, फक्त खिडकीतून समुद्र दिसतो. ज्या प्रवासात चूल बरोबर आली, तो प्रवास घरच्या बायकांचा झाला नाही, असे आम्ही समजतो. किनाऱ्यावर घरगुती जेवण करून वाढणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. आगाऊ सांगितले तर कांदा-लसूण वर्ज्य करूनही रांधतात. ज्या वृद्धांना परान्न चालत नाही त्यांनी फळे, दूध आणि घरून नेलेले सातूचे पीठ यांवर भागवावे. चार दिवसांनी धर्म बुडत नाही. पूर्वी काशीयात्रेत आपल्या आज्या असेच करीत आल्या.

ज्यांच्यामागे शाळा नाही आणि वाळवणाचेही पाश नाहीत, अशा वयस्क जोडप्यांनी मात्र एकदा चैत्रातच जावे. डहाणूजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेस सुरू होऊन पंधरा दिवस चालते. डोंगरावर देवीचा ध्वज रात्री आदिवासी पुजारी चढवितो. वारली कुटुंबे दूरच्या पाड्यांवरून चालत येतात. आमच्याकडे अक्कलकुवा तालुक्यात काठीची होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दोन्ही उत्सवांतील माणसांचे साम्य आणि भेद पाहण्यात विशेष गोडी वाटेल.

शिक्षकाच्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांस आणखी एक स्थळ सांगतो. बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी खेड्यातील बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, आणि गुरे राखणाऱ्या मुलांकरिता ती कुरणातच भरवावी, ही त्या दोघींची रीत. सातपुड्यातील पाड्यांवर गुरांमागे फिरणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या टेकडीवर गेल्यावाचून राहवू नये. आम्ही आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहून मुलांची वाट पाहिली. त्या दोघी उठून मुलांकडे गेल्या. घरातील लेकी-सुनांनी तर ही टेकडी आवर्जून पाहावी.

हा किनारा पाहावयाचा तर लवकर पाहावा, हेही सांगितले पाहिजे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला, आणि त्यामुळे तेथील बागा बऱ्याच अंशी टिकल्या. त्याच तालुक्यात वाढवण येथे प्रचंड बंदर व्हावयाचे आहे. जून २०२४ मध्ये त्यास मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्च ७६,००० कोटी रुपयांहून अधिक. किनाऱ्यावरील मच्छीमार अनेक वर्षे त्यास विरोध करीत आले आहेत. मोठ्या कामांनी देशाचे हित होते, हे आम्ही नाकारीत नाही. उकाई धरणाने सुरतेचे पूर आवरले आणि सरदार सरोवराचे पाणी फार दूरवर गेले. परंतु त्या सरोवराखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांच्या जमिनी गेल्या, हे नंदुरबारकरांस पुस्तकातून वाचावे लागत नाही. म्हणून तेथील कोळीणीशी दोन शब्द बोलताना, मासळी घेणारे गिऱ्हाईक नसलो तरी, तिचे म्हणणे ऐकून घेण्याइतका वेळ आपल्यापाशी असावा.

घराचे काय, म्हणून कोणी विचारील. घर राखावयास कोणीतरी राहिलेच पाहिजे. देवपूजा आहे, गाईगुरे आहेत, अंथरुणाला खिळलेले वडीलधारे आहेत. आजवर ही पाळी थोरल्या सुनेकडे चालत आलेली आहे. ती यंदा घरातील कर्त्या पुरुषांपैकी एकाने घ्यावी. पिठलेभात करता येत नसेल तर अखाजीपूर्वी शिकून घ्यावा. खापरपोळीसारखी ती अवघड विद्या नव्हे.

परतताना चिकू आणावयाचे झाल्यास पिकलेले घेऊ नयेत. कठीण घ्यावेत, आणि घेताना नखाने वरची भुकटी किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले तर ते कोवळे, पिवळसर दिसले तर तयार. पेटीत गवत घालून बाकाखाली सावलीत ठेवावी, खिडकीशी नव्हे. आपल्याकडच्या उष्म्यात ते तीन-चार दिवसांत पिकतात. लेकीला सासरी पोहोचवावयाचे त्या सुमारास खाण्याजोगे होतात, तेव्हा अर्धी पेटी तिच्याबरोबर द्यावी.